गिरणीवाल्या काकूंचं मत

उजवा अंगठा आधी पदराला पुसायचा, मग फोनच्या मागच्या गोल ठिपक्यावर टेकवायचा. फोन उघडायचा नाही. पुन्हा पुसायचा, या वेळी जरा रागानं. तरीही नाही. मग फोन माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "इंजिनिअर, हे माझ्या बोटाला वळखंना गेलंय बघ."

"काकू, बोटाला पीठ आहे."

"पीठ असणारच की. गिरणीवालीचं बोट हाय ते, वकिलीणबाईचं थोडीच हाय?"

मानवतच्या बाजारगल्लीत माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आणि त्यांची पिठाची गिरणी यांच्यामध्ये एकच भिंत होती. दहावीनंतर सहा महिन्यांचा कोर्स केलेला मी माणूस. साऱ्या जगात मला इंजिनिअर म्हणणाऱ्या त्या एकट्याच. त्यामुळे मी त्यांचा फोन फुकटात उघडून देत असे. फोन उघडला की त्या लगेच ऑनलाइन जायच्या आणि मत द्यायच्या.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. कुठल्याही पोस्टखाली, कुठल्याही विषयावर, पहिल्या दहा कमेंटींत ज्याचं नाव असतं असं. काकूंच्या कमेंटीशेजारी त्यांचा फोटोही असायचा, भुवयांपर्यंत पीठ लागलेला. कमेंटीच्या शेवटी ठरलेलं वाक्य असे: "मत हाय माझं. पटलं तर घ्या, न्हाई पटलं तर वर सरकवा."

टायपिंग त्यांना जमत नसे. त्या फोनला बोलून सांगायच्या आणि फोन लिहायचा. पण गिरणी चालू असायची, पट्टा खडखडत असायचा, आणि फोनला परभणीची भाषा शिकवलेली नव्हती. एकदा त्यांनी मुलींच्या शिक्षणावर ठासून मत दिलं. फोननं लिहिलं, "पुरींनी शिकलंच पाहिजे." खाली कुणीतरी विचारलं, "आणि श्रीखंडानं?" काकूंनी दिवसभर त्या माणसाचा पत्ता शोधला.

दुसऱ्यांदा सासूसुनांवर त्या म्हणाल्या, "सुनेला लेक माना." पोस्टखाली उमटलं, "सुनेला केक आणा." त्यावर बायकांच्या उड्या पडल्या. वा काकू, किती नवे विचार, अशी सासू सगळ्यांना मिळो. मी म्हणालो, दुरुस्त करून देतो. काकूंनी थोडा विचार केला. "राहू दे. आणावा की कधी तरी. काय बिघडलं?"

सिनेमा आणि मालिका हा तर त्यांचा खास प्रांत. मालिकेतली सून अंगभर दागिने घालून झोपलेली दिसली की त्या लिहायच्या, "त्या लेकराच्या कानाला जखम व्हायली असंल. कुणी तरी काढून ठिवा." साठीतला नायक विशीतल्या नायिकेभोवती नाचताना दिसला तर, "हिरोचे गुडगे दुखायलेत, चेहऱ्यावर दिसायलंय. नाच कमी करा." एका नायिकेच्या फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, "शिवणाऱ्यानं मागचं कापड दाबलं, बाई. मानवतला या, आमच्या गल्लीत चांगली शिवणारी हाय." त्या नायिकेनं, किंवा तिचा फोन सांभाळणाऱ्या कुणीतरी, उत्तरादाखल लाल बदाम पाठवला. त्या दिवशी रांगेतल्या प्रत्येक बाईला तो बदाम बघितल्याशिवाय दळण मिळालं नाही.

मात्र बायकांनी कसं राहावं हा विषय आला की काकू कडक व्हायच्या. सकाळी दहाला त्यांनी लिहिलं, "पोरीच्या हातात मोबाईल दिला की घर बसलं म्हणून समजा." अकरा वाजता शेजारच्या शिंप्याच्या मुलीला माझ्याकडे घेऊन आल्या. "इंजिनिअर, हिला एखादा जुना फोन नीट करून दे. पोलीस भरतीचा अभ्यास आता फोनवरच असतो म्हणं."

माझ्या बायकोची बी.ए.ची शेवटची परीक्षा होती, तेव्हा आमची मुलगी दीड वर्षाची. काकूंनी त्याच आठवड्यात मत दिलं होतं, "लेकरू ल्हान असताना बाईनं घराबाहेर पडू नये." आणि त्याच आठवड्यात आमची मुलगी रोज तीन तास गिरणीतल्या पोत्यांवर खेळायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा डोळे तेवढे काळे, बाकी सगळी पांढरी. मी काकूंना विचारलं, "तुम्ही लिहिता एक आणि करता एक, असं कसं?"

"ते मत हाय," त्या म्हणाल्या. "हे लेकरू हाय. तुला फरक कळंना का?"

मला खरंच कळत नव्हता. पण बायको पास झाली.

काकूंचे यजमान गिरणीतच असायचे. दळण वजन करायचे, डबे लावायचे. तीस वर्षांच्या खडखडाटानं त्यांना कमी ऐकू येत होतं, असं गल्ली म्हणायची. काकू एकेक कमेंट त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. काका "हौ" म्हणायचे. मग काकू उलटं मत वाचून दाखवायच्या. काका त्यालाही "हौ" म्हणायचे. त्यांच्या हातात कधी फोनसुद्धा दिसला नव्हता.

मग ती पोस्ट आली. एका गाजलेल्या नायिकेनं लग्नानंतर आठ महिन्यांत नवरा सोडला होता. खाली हजारो लोक भांडत होते. काकूंनी गिरणीवर ज्वारी चढवली आणि फोन तोंडाजवळ धरला. या वेळी फोननंही काही चूक केली नाही. "आठ महिन्यांत काय कळतं? मी सासूचा मार खाल्ला, तोंडातून शब्द काढला नाही. आजकालच्या पोरींना सोसायची सवयच नाही. दोन दिवस उपाशी ठेवलं की डोकं ठिकाणावर येतं. मत हाय माझं."

ती कमेंट अशी पळाली की काय सांगावं. संध्याकाळपर्यंत अकराशे अंगठे. लोकांनी तिचे फोटो काढून गावोगावच्या ग्रुपांवर टाकले. किराणा दुकानदारानं काकूंना चहा पाठवला. काकू दोन दिवस इस्त्रीची साडी नेसून गिरणीत बसल्या.

महिना-दीड महिना गेला. बाजाराचा दिवस होता, गिरणीपुढे बायकांची रांग. प्रज्ञा आईबरोबर ज्वारीचा डबा घेऊन आली. प्रज्ञा म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींची मुलगी. नर्सिंग शिकलेली. वर्षभरापूर्वी सेलूकडच्या एका गावात दिली होती. मुलगी वाळली होती. मी दुकानातून पाहिलं तर आधी ओळखूच आली नाही.

"कधी आलीस गं?" काकू ओरडल्या. गिरणी चालू असली की त्या ओरडूनच बोलायच्या.

प्रज्ञा काहीतरी पुटपुटली.

"मोठ्यानं बोल की! ऐकू येईना गेलंय!"

प्रज्ञा पुन्हा हळूच काही बोलली. काकूंनी कानाला हात लावला. "मोठ्यानं!"

तेव्हा ती मुलगी त्या सगळ्या रांगेसमोर ओरडली, "मला दोन दिवस जेवायला दिलं न्हाई! म्हणून आले!"

काकूंनी टोपलीतले दाणे ढवळायचे थांबवले. "कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? कुण्या सैतानाच्या?"

"तुमच्या," प्रज्ञा म्हणाली. "सासूबाईंनी मला वाचून दाखवलं. म्हणल्या, बघ, तुझ्याच गावातली बाई हाय. ती काय खोटं सांगायली का?"

काकूंनी हात मागे नेऊन बटण बंद केलं. पट्टा थोडा वेळ तसाच फिरत राहिला, मग हळू होत थांबला. बाजाराच्या दिवशी गिरणी बंद झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. काकूंनी प्रज्ञाचा डबा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

दुपारी त्या माझ्याकडे आल्या. "ते पुसून टाक."

पण ते सापडेना. काकूंनी इतक्या ठिकाणी इतकी मतं दिली होती की त्यांतून एक शोधणं म्हणजे पोत्यातून एक दाणा ओळखण्यासारखं होतं. नायिकेचं नावही त्यांच्या लक्षात नव्हतं. "ती रे, नाजूक नाकाची," एवढंच. आम्ही दोन दिवस शोधत बसलो. त्यांची जुनी मतं एकेक करून वर सरकत होती. बायकांच्या जीन्सवर. लग्नाआधीच्या फोटोंवर. आडनाव बदलण्यावर एकदा हो, एकदा नाही, एकदा नुसताच जोडलेल्या हातांचा इमोजी. काकू चष्म्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, "हे बी मीच लिवलं? हे बी? माय, किती बोलायले मी."

शेवटी सापडलं. तोवर चौदाशे अंगठे झाले होते. काकूंचे डोळे क्षणभर चमकले, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"पुसू?" मी विचारलं.

"पुसलं तर तिच्या सासूच्या फोनातलं पुसलं जातं का?"

"नाही. तिनं फोटो काढून ठेवला असणार."

"मग राहू दे. त्याच्या खाली लिव. मी सांगते, तू बोटानं लिव. ह्या फोनच्या कानावर मला भरवसा न्हाई."

मी लिहायला लागलो. काकू फळीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सांगितलेलं मी जसंच्या तसं लिहिलं. अजून ते तिथं असेल.

"वरचं मीच लिवलं. मार खाल्ला हे खरं हाय. शब्द काढला न्हाई हे खोटं हाय. मी एकदा पळून पोखर्णीला माहेरी गेले होते. बापानं भाकर खाऊ घातली आन् त्याच दिवशी सासरी परत आणून सोडलं. वाटंनं सगळे म्हणले, सोस. मला राग आला होता, तो मी कुणाला सांगितला न्हाई. आता दुसऱ्याच्या लेकीवर काढला. कुणी पोरीला उपाशी ठेवू नये. हे मत न्हाई."

"'हे मत हाय', ना?" मी विचारलं.

"न्हाई म्हणलंय मी. न्हाईच ठेव."

मी या बाईच्या शेजारी नऊ वर्षं बसलो होतो. पोखर्णीला पळून गेल्याची गोष्ट मला पहिल्यांदाच कळत होती. भिंतीपलीकडे काका डबे लावत होते, तेही थांबल्यासारखे वाटले.

मग लोक तुटून पडले. बाई फिरली. बाईला कुणीतरी पढवलं. महिन्यापूर्वी एक, आज एक. एकानं लिहिलं, "काकू, तुम्ही गिरणी सांभाळा." हे त्यांना फार लागलं. "गिरणीच तर सांभाळायले," त्या मला म्हणाल्या. "तीस वर्षांत कुणाच्या पिठात खडा निघाला का, इचार त्याला." त्या प्रत्येकाला उत्तर देत होत्या आणि प्रत्येक उत्तरानंतर आणखी चार येत होते.

तिसऱ्या दिवशी काका माझ्या दुकानात आले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खिशातून एक जुना फोन काढला, मुलानं कधीतरी दिलेला, रुमालात गुंडाळलेला.

"ह्याच्यात मला खातं काढून दे," ते म्हणाले.

मी काढून दिलं. नाव घातलं, फोटो काढला. फोटोत ते पोलिसांनी पकडल्यासारखे दिसत होते. मग मी त्यांना ती पोस्ट शोधून दिली. एकेका अक्षराला शोधत, चहा गार होईपर्यंत त्यांनी एक ओळ लिहिली. "बाई खरं बोलायली. मी तवा गप बसलो होतो. तिचा नवरा."

त्यांना ऐकू किती येत होतं, हा प्रश्न मी पुन्हा कधी कुणाला विचारला नाही.

काकूंनी ती ओळ वाचली. फोन पदरात धरून आत गेल्या. थोड्या वेळानं आतून आवाज आला, "लिवायला एवढा येळ लावला होय!" त्या दिवशी गिरणीवर लोकांना पीठ जरा जाडच मिळालं.

इकडे प्रज्ञाची नर्सिंगची सर्टिफिकिटं सासरीच अडकली होती. त्यांच्याशिवाय नोकरी नाही. गुरुजी फार सज्जन माणूस; स्वतःच्या घरात शिरतानाही "येऊ का?" असं विचारतील असे. त्यांनी दोनदा निरोप पाठवला, सासरच्यांनी दोनदा टोलवला. काकू म्हणाल्या, "मी येते." आणि माझ्याकडे बोट केलं, "ह्याला बी घ्या. फोन अडला तर इंजिनिअर पायजे."

आम्ही भाड्याच्या जीपनं गेलो. प्रज्ञाचा नवरा सेलूला कापसाच्या जिनिंगवर कामाला गेलेला. अंगणात सासूबाई शेंगा निवडत होत्या. गुरुजींना आणि प्रज्ञाला पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. मग त्यांचं लक्ष काकूंकडे गेलं आणि हातातलं सूप खाली पडलं.

"अगं बाई! तुमी त्या गिरणीवाल्या ना? पांढऱ्या तोंडाच्या? मी तुमचं समदं वाचते! थांबा, एक फोटो काढू द्या!"

आम्ही भांडणाची तयारी करून गेलो होतो. याची कुणाचीच तयारी नव्हती. गुरुजी तर "नमस्कार" म्हणून मोकळे झाले.

काकू मात्र डगमगल्या नाहीत. "काढू की फोटो. आदी पोरीची सर्टिफिकिटं आणा."

"तिची कशाला आता? नांदायला येऊ द्या तिला, मग बघू."

"आदी सर्टिफिकिटं. मग फोटो."

सासूबाई बराच वेळ घुटमळल्या. कौतुक आणि हट्ट यांची त्यांच्या चेहऱ्यावर चाललेली ओढाताण मी आजही विसरलेलो नाही. शेवटी आत गेल्या आणि प्लॅस्टिकची निळी फाईल घेऊन आल्या. प्रज्ञानं उंबऱ्यातच एकेक कागद तपासला. मग सासूबाई काकूंना चिकटून उभ्या राहिल्या, मी फोटो काढला. फोटो काढून झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पण बाई, उपाशी ठेवा असं तुमीच तर लिवलं होतं. माझं काय चुकलं?"

मला वाटलं आता काकू तोंड सोडणार. त्या खाली बसल्या. अंगणात सांडलेल्या शेंगा गोळा करून सुपात भरायला लागल्या.

"हौ," त्या म्हणाल्या. "मीच लिवलं. म्हणून मीच आले. त्याच्या खालचं बी वाचा. आन् आजपसून माझं काहीच वाचू नका. पोरीला इचारत जा, तिला काय पायजे ते. आता हिला इचारून उपेग न्हाई, धाकट्या सुनेला इचारा."

दारामागे एक कोवळा चेहरा उभा होता. तो तिथं होता हे काकू सोडून आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर प्रज्ञानं फाईल मांडीवर धरली होती. काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. मानवत आलं तेव्हा प्रज्ञा म्हणाली, "काकू, मी अजून नाराज हाय तुमच्यावर."

"राहा की," काकू म्हणाल्या. "तुझा हक्क हाय."

प्रज्ञाला परभणीच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली. काडीमोडाचे कागद वर्षभरात झाले. नाराजी किती दिवस टिकली ते मला ठाऊक नाही. पण महिन्याभरानं ती गिरणीत बसून काकूंचा रक्तदाब मोजताना दिसली. आणि काकू तिला, "पट्टा लय आवळू नको, दळण न्हाई ते," असं सांगत होत्या.

काकूंनी मतं देणं बंद केलं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण सवय कुठं सुटते? सिनेमावर त्या पूर्वीसारख्याच लिहायच्या. बायकांच्या जगण्यावर पोस्ट आली की मात्र अंगठा पुसायच्या, फोन उघडायच्या, बराच वेळ विचार करायच्या आणि लिहायच्या, "मला या बाईची ओळख न्हाई." इतकंच. शेकडो पोस्टींखाली हेच वाक्य. लोक चक्रावून जायचे. एकानं तर विचारलं, "मग कमेंट कशाला केली?" काकूंनी उत्तर दिलं, "आले होते, म्हणून सांगितलं."

गेल्या हिवाळ्यात काकांचा खोकला वाढला. डॉक्टरांनी पिठापासून लांब राहायला सांगितलं. मुलगा पुण्याला होता, तो न्यायला आला. विकलेली गिरणी काढून नेली त्या दिवशी आमच्या गल्लीत इतकी शांतता झाली की मला माझ्याच दुकानातलं घड्याळ ऐकू आलं.

सकाळच्या एसटीनं ते निघाले. काका आणि मुलगा आत बसले होते. काकूंनी खिडकीची जागा धरली होती. गाडी सुटायला पाच मिनिटं होती, तेवढ्यात प्रज्ञा ड्युटीला जाता जाता पळत आली. पांढऱ्या ड्रेसवर स्वेटर, हातात स्टीलचा डबा.

"मुरमुऱ्यांचा सुशीला केलाय. गरम हाय. आत्ताच खा."

"आगं, जेवून निघाले मी."

"खा म्हणले ना."

काकूंनी खिडकीतून डबा घेतला, मांडीवर उघडला. एक घास घेतला, मग दुसरा, चांगला मोठा. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तशा त्या आमच्याकडे बघून हात हलवत काहीतरी सांगायला लागल्या. भुवया वर, बोट पुढे, अगदी तावातावानं. तोंड मुरमुऱ्यांनी भरलेलं होतं. आम्ही दोघं खिडकीबरोबर चार पावलं चाललो, पण एक शब्द कळेल तर शपथ. स्टँडच्या फाटकातून गाडी वळेपर्यंत त्या बोलतच होत्या, ओठाला कढीपत्त्याचं एक पान चिकटलेलं.